आईची भोजली आणि मागच्या चाकांचं लॉकर

रायपुरात आता धड चिखल मिळत नाही.

ही तक्रार महापालिकेत नेता येत नाही (तिथे लोक बरोबर उलटी तक्रार घेऊन उभे असतात!), म्हणून इथे करतो. माझ्याकडे चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप आहे. ती डोंगर चढते, नाले ओलांडते, असं विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मी तिच्यातून रोज शंकर नगरहून बीरगांवमार्गे उरल्याच्या कारखान्यात जातो. वाटेत डोंगर नाही. नाला आहे, पण त्याच्यावर झाकण आहे.

जीप आईसाठी घेतली, असं मी घरी जाहीर केलं होतं. ते निम्मं खरंही होतं.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. लग्न होऊन आई वर्ध्याहून थेट अभनपुरच्या पुढच्या कालव्याच्या कॅम्पवर आली. तिला तिथली बोली येईना आणि तिथे कोणाला मराठी कळेना. नाल्यापलीकडच्या गावात कोटवाराची, म्हणजे गावच्या चौकीदाराची बायको तिच्याच वयाची होती. एका श्रावणात दोघींनी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानामागे खोवले आणि त्या एकमेकींच्या 'भोजली' झाल्या. छत्तीसगढात ही मैत्री जन्मभराची. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजलीच म्हणायचं, आणि भेटलं की 'सीताराम, भोजली' म्हणून नमस्कार करायचा. मग बाबांची बदली झाली, कॅम्प उठला, आणि भेट राहून गेली ती गेलीच. पण अजूनही घरी तांदळाच्या पिठाचे फरे वाफवले की आई पहिला फरा हातात धरून जराशी थांबते. "भोजलीच्या हातचे असे नव्हते," म्हणते. तेवढ्यापुरती ती आमच्या स्वयंपाकघरात नसते.

"आई, तिचं नाव सांग, मी पत्ता काढतो."

"भोजलीचं नाव घेतात काय रे कधी? काहून पाप लावून राहिला मले?"

"मग शोधू कसा?"

"शोधाचं काय त्याच्यात? नाल्यापलीकडं घर आहे. फक्त तिथं गुडघाभर चिखल राहते. तुह्या गाडीनं जमते काय, ते पाहा."

गुडघाभर चिखल! आईनं हे शब्द सहज उच्चारले आणि माझं आयुष्य बदललं. चिखलात जायचं तर लॉकर हवं.

आता लॉकर म्हणजे काय ते सांगतो (बायकोला सांगायला घेतलं की ती उठून जाते, तुम्ही बसा). गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी एक सोय चाकांच्या आसात असते. तिचं नाव डिफरन्शियल. चिखलात मात्र ही सोय घात करते. फसलेलं चाक गरगर फिरतं आणि कोरड्यातलं आरामात बसून राहतं. लॉकर त्या दोघांना बांधून टाकतं. फिरायचं तर जोडीनं!

पण लॉकर एक असतं का? बटणाचं असतं, ते हवं तेव्हाच लागतं. स्वयंचलित असतं, ते आपल्या मर्जीनं लागतं आणि सुटतं. आणि एक अर्धवट असतं, ते थोडं बांधतं, थोडं सोडतं. चिखलाला काय चांगलं, हे सगळे सांगतात. रोज ऑफिसला नेऊन कधीतरी चिखलात घालायच्या गाडीला काय चांगलं, इथे भल्याभल्यांची भांडणं होतात. मी सगळी भांडणं वाचली. एक पावसाळा वाचण्यात गेला. दुसरा विचारण्यात.

"झालं काय रे तुहं?" आई विचारायची.

"बस, लॉकर ठरलं की निघू."

"बसनं न्या न आईले," वंदना, म्हणजे माझी बायको म्हणायची. "अभनपुरहून ऑटो भेटते."

"आणि चिखल?"

"चिखलाले भेटाचं आहे काय भोजलीले?"

मी उठून गॅरेजात गेलो. तिथले साहू भैया म्हणाले, "बटनवाला लगवा लो भैया, शान दिखेगी." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ऑटोमॅटिक लगवा लो भैया, टेन्शनच नहीं." (ऑटोमॅटिक त्यांच्याकडे पडून होतं.) मी ऑटोमॅटिक बसवलं.

त्या दिवसापासून गाडी प्रत्येक वळणावर बोलू लागली. खट्ट! टायर चीं करून ओरडायचे ते वेगळं. शंकर नगरात वळणं किती आहेत, हे मला तेव्हा कळलं. आईला डॉक्टरकडे नेलं, तर ती दर वळणावर मागे वळून पाही.

"काही पडलं काय रे?"

"लॉकर आहे आई. सुटतं तेव्हा वाजतं."

"मंग सुटू काहून देतं?"

शेवटी यंदाच्या श्रावणात एका रविवारी आम्ही तिघं निघालो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मांडीवर फऱ्यांचा डबा. तिनं तो अभनपुर येईपर्यंत खाली ठेवला नाही, आणि सारखी आरशात केस पाहत होती. आईला केस पाहताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं! तेवढ्यात वळण आलं. खट्ट!

अभनपुर मागे पडलं. डांबरी रस्ता. कॅम्पची जागा आली. सिमेंटचा रस्ता! नाला आला, आणि नाल्यावर चांगला रुंद पूल. पलीकडे गावापर्यंत सगळं गुळगुळीत. पुलावरून एक पोरगी सायकलवर गाणं म्हणत गेली.

मी गाडी थांबवली. तीन पावसाळे मी या चिखलासाठी झुरलो होतो. पुलाखाली पाहिलं, तर तो होता! काळाभोर, लोण्यासारखा.

"खालून जाऊ," मी म्हणालो.

"बाप्पा, पूल आहे न रे!" आई.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे काय?" वंदना.

पण मी गाडी नाल्यात उतरवली होती. लॉकरनं आपलं काम चोख बजावलं, हे मी न्यायानं सांगेन. एरवी एकच चाक फसून फिरलं असतं. आता दोन्ही चाकं अगदी जोडीनं, जागच्या जागी, गरगर फिरू लागली आणि गाडी आसापर्यंत खाली बसली! चिखल वंदनाच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून आत आला. त्यानंतर ती जे बोलली, ते लिहिण्यासारखं नाही.

अर्धं गाव जमलं. एकानं ट्रॅक्टर आणला. आई दोघांचा हात धरून पुलावर चढली आणि डबा छातीशी धरून विचारू लागली, "कोटवार का घर किधर है? मेरी भोजली रहती वहाँ."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कोटवारिन दाई? ओ तो अब इहां नइ रहय दाई. बेटा करा गे हे, बीरगांव म. कई बछर होगे." (म्हणजे बरीच वर्षं ती मुलाकडे, बीरगांवला!)

आई नाल्यापलीकडे बघत राहिली. नुसतं 'कोटवाराचं घर' एवढं विचारून एक फोन केला असता, तर हे घरी बसून कळलं असतं. पण फोनवर मी कायम लॉकरबद्दल बोलत होतो.

ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर आम्ही तशाच चिखलानं माखलेल्या गाडीनं, पत्ता विचारत, संध्याकाळच्या आत बीरगांव गाठलं. मोठ्या रस्त्याला लागूनच घर. ओट्यावर एक म्हातारी भाजी निवडत बसलेली. आई डबा घेऊन उतरली आणि ओट्यापाशी गेली.

"सीताराम, भोजली!"

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. हातातली भाजी तशीच मांडीवरून घसरली. "सीताराम भोजली! अतेक दिन म सुरता आइस ओ?" (इतक्या दिवसांनी आठवण आली का गं?) म्हणाली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. आई पंचाहत्तरीची, पण त्या घडीला कॅम्पवर नव्यानं आलेली नवरी दिसत होती. मी तोंड फिरवून टायर तपासल्यासारखं केलं.

डबा उघडला, फरे वाटले गेले. मग भोजलीची नजर माझ्यामागच्या जीपवर गेली आणि ती एकदम टाळी देऊन हसली.

"अई! ये तो रोज के गाडी आय! रोज बिहनिया मोर दुवारी के आघू फंसे रथे. अउ ये बाबू मुडी गडियाय मोबाइल देखत रथे!"

रोज सकाळी तिच्या दारासमोर ट्रकांचा जाम लागतो आणि माझी जीप त्यात फसते, हे खरं आहे. मान खाली घालून मी मोबाईलवर काय पाहायचो, तेही खरं आहे. आईला भोजलीच्या दारापर्यंत पोचवायला कोणतं लॉकर घ्यावं, ते.