वर गानं, खाली कोन न्हाय

चढण्याआधी तो माडाला पाठ लावून उभा राही, कमरेला बांधलेल्या स्पीकरवर दोन थापा मारी आणि ओरडे, "वर गानं, खाली कोन न्हाय!" मग मोबाइल खिशात, कोयता पाठीशी, पायात दोरी आणि बघता बघता गडी शेंड्याला. किहीमच्या बाजूला तुमचं येणं-जाणं असेल तर ही आरोळी तुम्हीही ऐकली असेल. त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर हे छापलेलं घेऊन तो दारोदार वाचून दाखवत फिरेल.

आमच्या घरामागच्या वाडीतले नारळ वर्षानुवर्षं तोच पाडायचा. नम्रपणाशी त्याची फारशी ओळख नव्हती. "वैनी, माज्या हातचा नारल आजवर कुनाच्या डोक्यात पडला न्हाय," हे वाक्य चहाच्या पहिल्या घोटाबरोबर यायचंच. खरंही होतं ते. खाली माणूस दिसलं की त्याचा कोयता थांबायचा, मग कितीही वेळ वर लटकून राहावं लागलं तरी. पुढे वाड्या-वाड्यांत कॉटेजं झाली, पाहुणे कानात गाण्यांची बोंडं घालून माडांखाली भटकायला लागले आणि ओरडून ओरडून ह्याचा घसा बसला. तेव्हा ह्याने स्पीकर घेतला.

काय तो लाल डबा! एकदा माडावरून पडून जाळी चेपलेली, बटण चिकटपट्टीने धरून ठेवलेलं. त्यावर लावायचा त्याच्याच भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, झांजांसकट. पत्र्याच्या छपरावर कुणी खडी ओततंय असं ते ऐकू यायचं. पाहुणे कपाळाला आठ्या घालून थेट समुद्र गाठायचे. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे. खाली वाडी मोकळी आणि वर हा राजा. "बगा, कसा इलाज काडलाय!" असं वर मलाच ऐकवायचा.

मग आमच्या लेकीचं, सईचं लग्न ठरलं. हळदीचा मांडव वाडीतच, माडांखाली घालायचा होता. सई मुंबईहून आली ती ह्याच्यासाठी नवाकोरा स्पीकर घेऊन. निळा, गोल, तळहातावर मावणारा. "काका, माझ्या हळदीच्या दिवशी तो डबा नको हं. सासरची माणसं पळून जातील माझी."

सईला पहिलं शहाळं पाजलं होतं ते ह्यानेच. तिने काही द्यावं आणि ह्याने नको म्हणावं हे शक्यच नव्हतं. नवा स्पीकर घेऊन तो गावभर मिरवला. "पान्यात बुडवला तरी वाजतो," म्हणत ज्याच्या त्याच्या हौदात बुडवून दाखवला. माझ्या पिण्याच्या पिंपाकडे वळला तेव्हा मात्र मी आडवी गेले.

आणि मग नवा स्पीकर कमरेला लावून तो आमच्या माडावर चढला. भजन तेच. पण आता मृदंग वेगळा कळत होता, झांज वेगळी, आणि त्यातले शब्द मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आले. आमच्या भाड्याच्या खोलीतलं जोडपं बाहेर आलं आणि खुर्च्या ओढून त्याच माडाखाली बसलं. शेजारीण भाजी निवडायला तिथेच आली. हा वरून हात हलवून "बाजूला व्हा" म्हणतोय आणि खालची मंडळी हात हलवून त्याला दाद देतायत! मीही त्यांच्यात उभी होते, खोटं कशाला सांगू.

शेवटी एकही नारळ न पाडता तो खाली उतरला. एवढा पडलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. "वैनी, ह्यो जाम गोड वाजतो. ह्याच्यापायी कोनतरी मरंल."

"मग जुनाच लाव की."

"आनि सईबायला काय सांगू? तुजा नको म्हनून?"

मी वर पाहिलं. माड नारळांनी लगडले होते आणि त्यांच्याखालीच हळद लागायची होती. पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी पुढचं अंगण, मागची वाडी, सगळीकडे पाहुणेच पाहुणे. हा आला तो दोन्ही स्पीकर घेऊन. डबा कमरेला, नवा हातात. नेहमीची ऐट कुठे दिसेना. सईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सईबाय, तुजा वाजला का सगली जवल येतात. माजा वाजला का सगली पलतात. मना दोनी लागतात. तू ह्यो घेऊन म्होरल्या ओटीवर बस. मी मागं चढतो."

सई हसत सुटली. ओटीवर बसून तिने गाणी लावली आणि पाहुणे, आत्या, माम्या, सासरची मंडळी, सगळे तिच्याभोवती जमले. ह्याने शेंड्यावर पोचून भजन सुरू केलं, तर ते पुढे सईच्याच हातात वाजायला लागलं! ह्याच्या मोबाइलला नव्या स्पीकरची सवय झाली होती. काय झालं ते बघायला बायका मागे यायला निघाल्या. "हलू नका कोनी!" वरून ओरडा झाला. सईने चटकन बटण दाबून निळ्याला गप्प केलं, आणि काही क्षणांनी माडाच्या शेंड्यावरून खडी ओतायला सुरुवात झाली. निघालेल्या बायका कानांवर हात ठेवून माघारी पळाल्या. त्या आवाजाने मला एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढे सईने पुन्हा आपली गाणी लावली, पुढे नाच, आणि मागे धप्प, धप्प. एका माडावरून दुसऱ्यावर असं करत त्याने वाडी साफ केली. शेवटच्या माडावर डबा बंद झाला. सईनेही गाणं थांबवलं. सगळ्यांच्या माना वर.

"आता या सगली! घाला मांडव!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय! हा माडाला मिठी मारून वरच थांबला आणि टाळ्या पुरत्या संपेपर्यंत उतरला नाही. संध्याकाळी सईने त्याला हळद लावली, आणि हळदीचं एक बोट त्या डब्यालाही.

आता त्याच्या गुडघ्यांनी दगा दिलाय. तो पालीला लेकीकडे राहतो. निळा स्पीकर बरोबर नेला, डबा आमच्याकडे ठेवून गेला. त्याची आठवण फार येते, विशेषतः चहाच्या वेळी. हल्ली जो नारळ पाडायला येतो त्याच्या कमरेला मी तो डबा बांधायला लावते. हळदीचा डाग अजून आहे त्यावर.

पाडणीच्या दिवशी ह्याचा फोन ठरलेला. "वैनी, डबा लावला का? फोन वर धरा."

मी फोन माडाकडे धरते. तो मन लावून ऐकतो.

"खाली कोन न्हाय ना?"

"कोणी नाही रे."

मग पालीहून आमच्या वाडीत हुकूम सुटतो, "पाडा!"