कढीपत्त्यावरचा कोश आणि अलकनंदाबाईंचा उजवा हात

अलकनंदा बोधनकरांशी गाझियाबादच्या त्या सोसायटीत सहसा कुणी वाद घालत नसे. लोक घाबरत होते असं नाही, पण एवढा वेळ कुणाकडे होता? केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभी हयात फायली पुढे सरकवण्यात गेली. निवृत्तीनंतर फायली संपल्या, तेव्हा बाईंनी माणसं सरकवायला घेतली. लिफ्ट बंद पडो की पाणी गढूळ येवो, बाईंचा अर्ज तयार. तोही तीन प्रतींत.

या वेळचा तंटा मात्र फुलपाखरांचा होता. बागेच्या कोपऱ्यात बाईंनी लावलेलं लिंबाचं एक झाड आणि कढीपत्त्याची दोन. त्यांवर अळ्या होतात, मुलं किंचाळतात, अशी तक्रार गेली. बाग म्हणजे गालिचा अंथरल्यासारखी गुळगुळीत हवी आणि तिच्यात एक जीव हलायला नको, असं मानणारी जमात प्रत्येक सोसायटीत असते. इथे तिचे पुढारी सेक्रेटरी राजीव सक्सेना.

"मॅडम, हर साल आप कहती हैं तितली आएगी. हमें तो इल्ली ही दिखती है," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "संडे सुबह दस बजे एक तितली दिखा दीजिए, कोना आपका. नहीं तो मंडे को स्प्रे."

"मंजूर," बाई म्हणाल्या. त्यांचा हुकमाचा पत्ता त्या कोपऱ्यातच होता. कढीपत्त्याच्या एका काडीला, साल सुटल्यासारखा दिसणारा एक कोश थंडीभर चिकटून होता. शनिवारी संध्याकाळी तो काळपट झाला, आतले पिवळे ठिपके दिसू लागले. म्हणजे उद्या सकाळी वसंतातलं पहिलं फुलपाखरू, थेट कमिटीसमोर! बाईंनी ही खबर कुणालाच दिली नाही. नवऱ्याला तर नाहीच. विनायकरावांच्या कानावर पडलेली गोष्ट चहा निवायच्या आत मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाई.

आता, चार माणसं बोलवायची आणि कोरड्या तोंडाने परत पाठवायची, हे बोधनकरांच्या घरात होणे नाही. मग ती शत्रुपक्षाची का असेनात. रविवारी बाईंनी फर्मान सोडलं, "पोहे तुम्ही करा. मी आंघोळ करून येते."

विनायकरावांनी कांदा चिरला, पोहे भिजवले. कढीपत्ता तर ताजाच हवा. चपला घालून खाली गेले आणि हाताला येईल ती काडी मोडून आणली.

साडेनऊला बाई कोपऱ्यात गेल्या त्या उलट पावली परत आल्या.

"काडी कुठाय?"

"कसली काडी?"

"कढीपत्त्याची! जिला कोश होता!"

"तो होय? मला वाटलं वाळकं पान चिकटलंय," विनायकराव म्हणाले. "पानं फोडणीत गेली. काडी ओल्या कचऱ्यात. आणि कचरा आत्ताच नीरज घेऊन गेला."

"सोमवारी स्प्रे मारायला तुम्हीच जा, पंप घेऊन!" एवढं बोलून बाई जिन्याकडे धावल्या. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात जन्मापासून नव्हता.

कचऱ्याची गाडी पुढच्या टॉवरशी सापडली. "आंटीजी, सोने की अंगूठी गिरी क्या?" नीरजने विचारलं. "उससे भी महंगी चीज," म्हणत बाईंनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला. केळ्याच्या सालींखाली काडी निघाली. कोश शाबूत होता, आणि चक्क हलत होता.

काडी उजव्या हातात धरून त्या कोपऱ्यात पोचल्या, तेव्हा कमिटी बाकावर बसून विनायकरावांनी खाली आणलेले पोहे खात होती. तेवढ्यात कोश तडकला. आतून एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, काडीवरून चढलं आणि बाईंच्या बाहीला उलटं लटकलं.

"ये तितली है?" सक्सेना वाकून म्हणाले. "ये तो रद्दी कागज लग रहा है."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं आणि त्याला लागणारे हातवारेही. पण पंख भरून वाळेपर्यंत त्या जिवाला धक्का लागला, तर ते जन्माचं पांगळं होणार. बाई हात वर करून, शाळेत लघवीची परवानगी मागणाऱ्या पोरीसारख्या उभ्या राहिल्या. आवाज खाली, दात ओठांवर. विनायकरावांना बत्तीस वर्षांत असं दृश्य दिसलं नव्हतं. त्यांनी संधी सोडली नाही.

"सक्सेनाजी, जो भी कहना है आज कह लीजिए. ऐसा मौका फिर नहीं आएगा."

"घरी या," बाई पुटपुटल्या.

अर्धा तास गेला. पंख उलगडले, पिवळ्या-काळ्या नक्षीने भरले. कमिटीने पोहे दुसऱ्यांदा घेतले. सक्सेना घड्याळ बघायला लागले. "ठीक है मॅडम, मान गया. तितली है. कोने में स्प्रे नहीं होगा."

"लेखी द्या."

"मॅडम!"

"लिखकर दीजिए. अहो, यांना कागद द्या," बाई नवऱ्याला म्हणाल्या. सक्सेनांनी गुडघ्यावर कागद ठेवून दोन ओळी खरडल्या. विनायकरावांनी तो कागद बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. बाईंनी चष्म्यातून एकेक शब्द तपासला.

"'इस साल' क्यों लिखा? काटिए. 'अगले आदेश तक' लिखिए. और नीचे तारीख."

सक्सेनांनी खोडलं, लिहिलं, तारीख घातली. बाईंनी सही पुन्हा निरखली, समाधानाने मान हलवली आणि हाताकडे पाहिलं. बाही रिकामी होती.

"अहो, कुठे गेलं?"

"गेलं की," विनायकराव म्हणाले. "तू तारीख बघत होतीस तेव्हा."

"थंडीभर मी पहारा दिला, आणि पाहिलं तुम्ही?" बाई मटकन बाकावर बसल्या. दुखरा हात चोळला. मग म्हणाल्या, "बरं, सांगा. आधी कुठल्या बाजूला गेलं? आणि नीट सांगा, घाई करू नका."