वॉल्टनच्या चर्चबाहेर मी दिलेलं उत्तर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या दहा वर्षांच्या सुजाताला शाळेत गावांच्या नावांवर प्रोजेक्ट मिळाला. मी म्हटलं, "लायब्ररी कशाला? गाडी काढतो!" इंग्लंडात रीडिंगमध्ये माझं विजेच्या सामानाचं दुकान, रविवार तेवढा मोकळा. भारतातून आलेली आईही स्वेटरवर कोट चढवून मागे बसली.

एम-फोर हायवे सोडून लहान रस्त्यांना लागलात की पाट्या वाचायला मजा येते. गावाच्या नावात 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, 'ली' म्हणजे झाडं तोडून केलेली मोकळी जागा. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी, हे ऐकून आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. डबा मात्र बरोबर घ्या. दोननंतर पबमध्ये जेवण मागितलंत तर क्रिस्प्सच्या, म्हणजे वेफर्सच्या, पुड्यावर भागवावं लागतं; आमचं तेच झालं.

वॉल्टन नावाच्या खेड्यात चर्चबाहेर फुलझाडं लावणाऱ्या एका वयस्क बाईंना सुजातानं अर्थ विचारला.

"वॉल्टन पुष्कळ आहेत, सगळ्यांचा अर्थ एक नाही. आमचं म्हणजे परक्यांची वस्ती. परके कसले, मूळचे इथलेच! मागून आलेल्यांनी त्यांना परकं ठरवलं. पुढे त्याच शब्दाचा अर्थ गुलाम झाला." मग सहज माझ्याकडे वळून, "भारतात तुमच्या गावात तुमचं घर कुठे होतं?"

"मधोमध. देवळाला लागून."

आमचं घर महारवाड्यात, ओढ्यापलीकडे. त्या देवळाची पायरी आई कधी चढलेली नाही. दर जयंतीला माईक धरून 'ताठ मानेनं जगा' सांगणारा मी. आणि महारवाडा म्हणजे काय, हे त्या बाईंना ठाऊकही नव्हतं!

सुजातानं उत्साहानं भाषांतर केलं. "आजी, आपला घर देवळाजवळ होता?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असंल बाई. आता ध्यानात नाही."

परतीच्या वाटेवर मी एकही पाटी वाचली नाही.

घरी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "आई, खोटं का बोललीस?"

"मग? पोरीपुढं तुला खोटा पाडू?" कणीक मळता मळता ती म्हणाली.

सुजाताला खरं सांगायला मला दोन दिवस लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. प्रोजेक्टसाठी तिनं आमच्या गावाचाही नकाशा काढला होता; त्यात देवळाशेजारी काढलेलं आमचं घर खोडलं, ओढ्यापलीकडे काढलं. मग विचारलं, "पण बाबा, तू कुणाला घाबरला?"