साठ पानं

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघत होतो, तेव्हा आक्काचा फोन आला. "बापू, तुझे दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. वसमतहून कुरुंदा काही लांब नाही, तरी मागचे तीन रविवार मी तिकडे गेलो नव्हतो. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना ऑफिसातली कामं सांगितली. या गोष्टीला आता दीड महिना झाला. खरं कारण आज लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. शाळा सातवीपर्यंत, शेतात हळद आणि डोक्यात पुस्तकं. हळद शिजवायच्या दिवसांत बाकीची माणसं कढईभोवती गप्पा मारत बसायची, तेव्हा दाजी पालथ्या घमेल्यावर बसून वाचायचे. एका हातानं जाळाला पाला सारायचा, दुसऱ्या हातात पुस्तक. अधूनमधून उठून तुराटीची बारीक काडी हळकुंडात खुपसून बघायची. आरपार गेली म्हणजे शिजलं. मग तीच काडी पुसून पुस्तकात खूण म्हणून ठेवायची. त्यांच्या पुस्तकांच्या पानापानावर खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा डाग आहे, तो असा.

आवड ठरलेली. राजेरजवाड्यांची पुस्तकं नकोत. "त्यायच्या घरी सैपाक कोण करतं ते लिवतच न्हाईत," म्हणायचे. ज्यात माणसं काम करतात ते पुस्तक चांगलं. विहिरी खोदणाऱ्या एका कुटुंबावरची जाडजूड कादंबरी त्यांनी चार वेळा वाचली होती. आणि वाचायचं म्हणजे सगळं... प्रस्तावना, छापखान्याचं नाव, छपाईच्या चुका सांगणारं पान, काही म्हणजे काही सोडायचं नाही. मी एकदा चिडवलं, "दाजी, किंमतबी वाचता काय?" तर म्हणाले, "वाचतो की. लिवणारानं लिवलं, छापणारानं छापलं, मंग गाळणारा मी कोण?"

पुढं शुगरनं त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "रईवारी येत जा, पाहुणं. ती विहिरीची कादंबरी एकदा पूर्ण ऐकवा. मंग काई मागत न्हाई."

मी जाऊ लागलो. पहिले काही रविवार मनापासून वाचलं. मग कंटाळा यायला लागला. आठवड्यातली एकच सुट्टी, ती अशी जायची. एका रविवारी दोन पानं एकदम उलटली. दाजींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पुढच्या खेपेला पाच. जमतंय म्हटल्यावर आज किती गाळायची हे मी घरूनच ठरवून निघायचो. नजर गेलेल्या माणसासमोर बसून आवाज न करता पानं उलटायला मी शिकलो... हे वाक्य लिहायला मला दीड महिना लागला.

शेवटच्या रविवारी साठेक पानं उरली होती. काडी होती तिथून मी थेट अखेरच्या पानावर गेलो, तेवढं वाचलं आणि म्हणालो, "संपलं बघा, दाजी."

त्यांनी हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, ते काडीला लागलं. ती हलवायला मी विसरलो होतो. काडीपासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतची पानं त्यांनी चिमटीत धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "संपलं म्हणता? बरं," म्हणाले. आणि आत हाक मारली, "पाहुण्यायला च्या टाक वं. दमले असतील वाचून."

तो टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही. तो चहा मी प्यायलो. पुढच्या रविवारी तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या दोन्ही रविवारीही नाही. ऑफिसातली कामं ती हीच.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. भांडी आवरता आवरता आक्का म्हणाली, "तू गेल्यावर ते मला सांगत बसायचे. तू सोडलेलं."

माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"पाठच होतं त्यायला. बापूनं आज इतकं ठिवलं म्हणायचे, अन् तेवढंच सांगायचे. मला कुठं वाचता येतं? त्या पुस्तकातलं तू गाळलेलंच तेवढं मला ठाऊक हाय."

"मंग मला काहून बोलले न्हाईत?"

"मी म्हणलं होतं, सांगा त्याला. तर म्हणे, सांगितलं तर यायचाच बंद होईल. येतो तेवढा येऊ दे."

"अन् शेवटची पानं?"

"ते न्हाई सांगितलं. शेवट बापूच वाचंल म्हणले, येईल तो रईवारी. तीन रईवार खाट दाराकडं वळवून घेतली."

ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता मी दर रविवारी कुरुंद्याला जातो. दाजींची खाट उभी करून ठेवली आहे. आक्का ओसरीवर सुपात डाळ निवडत बसते आणि मी वाचतो. काडी होती तिथूनच सुरू केलंय. कोपऱ्यातल्या पिवळ्या डागावर अंगठा ठेवायचा, पान उलटायचं. यातलं काहीच आता दाजींपर्यंत पोचत नाही, हे मला कळतं.

गेल्या रविवारी एका ठिकाणी दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. सोडवण्यासाठी मी वाचायचा थांबलो. आक्काचा सुपातला हातही थांबला. पानं सुटी होईपर्यंत ती नुसती माझ्या बोटांकडं बघत राहिली.