हायड्रा आणि बिबट्या: दोन फरक

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मालतीबाई चोवीस वर्षं अटेंडंट आहेत. बेलापूरच्या जुन्या गावातल्या. कुणी समोर आलं की भिंतीला चिकटून वाट देणार, आवाज कधी चढायचा नाही. तोंडी परीक्षेत मी दरवर्षी एक खोडसाळ प्रश्न विचारते, "हायड्रा आणि बिबट्या, दोन फरक सांगा." मुलं बावचळतात. एक सोपा फरक कुणालाच सुचत नाही: हायड्रा हा गोड्या पाण्यातला इवलासा जीव भ्याला की आकसतो, बिबट्या अंग फुगवतो. दाराशी उभ्या मालतीबाई गालात हसतात, त्यांना तो पाठ आहे.

यंदा प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बरणीतले हायड्रा मेले. पारसिकच्या डोंगराखाली एक डबकं आहे, तिथल्या पाणगवताला हे दोऱ्याच्या तुकड्याएवढे जीव चिकटलेले असतात; नवे तिथूनच आणायचे होते.

"मॅडम, आज नको. बिबट्या फिरतोय म्हनतात," मालतीबाई म्हणाल्या.

"तो सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला फिरतो," मी म्हटलं आणि त्यांना ओढून नेलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

भरदुपारी आम्ही डबक्याशी वाकलो होतो. बरणी भरली आणि पाखरं एकदम गप्प झाली. मी मान वर केली. दहा पावलांवर, झुडपातून तो आमच्याकडे बघत होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. गुडघ्यांत डोकं घालून मी तिथेच अंगाचं मुटकुळं केलं.

"मॅडम, उठा. हायड्रावानी आकसू नका. बसलेल्या मान्साला तो बकरी समजतो."

मला उठता येईना. मरणार, एवढंच डोक्यात होतं. तेव्हा मालतीबाई माझ्यापुढे आल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ओरडल्या, "जा! जा मागं!" बिबट्याने दात विचकले. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तो वळला आणि झुडपात शिरला.

आम्ही प्रयोगशाळेत परतलो. मी मालतीबाईंच्या हातातल्या बरणीच्या काचेला भिंग लावलं. हायड्रांचे नुसते ठिपके झाले होते.

"भ्यालेत. दहा मिनिटांत उलगडतील," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "बरणी ठेवा आता."

मालतीबाईंनी मान हलवली, पण बरणी ठेवली नाही.

दहा मिनिटांनी हायड्रांनी आपले तंतू पसरले. मालतीबाईंची बोटं अजून काचेवर आवळलेलीच होती. एकेक करून ती मला सोडवावी लागली.