गावाचं मत विचारणारे मापाडीकाका

मानवतच्या आडतबाजारात मापाडीकाका भेटले, की रामराम घालायच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "तुमचं मत काय?" कापसाच्या भावाबद्दल नव्हे. कोणत्या देशाने कोणाच्या हद्दीत फौज घातली, याबद्दल. परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, की आजी, लढाईबद्दल आपल्यासारख्यांच्या मताला कोण विचारतं? तेव्हा मला तेच आठवले. चौथी शिकलेला, दिवसभर कापूस तोलणारा माणूस. म्हणायचे, "मोठ्या सरकारला एकाच गोष्टीचं भेव असतंय, बाई. आपल्याच लोकांचं."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्यांची 'बाई'. आमच्याकडे एक दिवस शिळं इंग्रजी वर्तमानपत्र येई. संध्याकाळी ते ओट्यावर टेकत आणि मी बातम्या मराठीत सांगे. एखादं वाक्य गाळलं, तर माझ्या आवाजावरून त्यांना कळायचं. "वाईट बी सांगा. अर्ध्या बातमीवर कसलं मत देनार मानूस?"

मग ते बाजारातल्या चहाच्या टपरीवर जात. तिथे त्यांनी डालड्याचे दोन रिकामे डबे मांडलेले असत, एक होकाराचा, एक नकाराचा. प्रत्येकाने एक सरकी टाकायची. हमाल असो की आडत्या, सरकी एकच. रशियाची फौज अफगाणिस्तानात शिरली तेव्हापासून हे चालू होतं. लोक चिडवत, "काका, निकाल मॉस्कोला कळवा की!"

"कळवतो. खाली तुझं नाव टाकू का?"

सत्त्याऐंशी साली आपलीच फौज श्रीलंकेत गेली. तिच्यात काकांचा एकुलता एक दिगंबर होता. शांतता राखायला गेलेली फौज काही आठवड्यांतच लढू लागली. कापसाच्या त्या हंगामात टपरीवर प्रश्न होता : फौज तिथे राहावी का? होकाराचा डबा भरत चालला. जो तो देशाच्या शानीबद्दल बोलत होता. एक आडत्या हसून म्हणाला, "काका, तुमचं पोरगं तिकडं हाय. तुमी न्हाईच म्हननार!"

काकांनी सगळ्यांदेखत होकाराच्या डब्यात सरकी टाकली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "खरंच तसं वाटतं तुम्हाला?"

"न्हाई, बाई. दिगंबरचा बाप भ्याला, असं कोनी म्हनू नये म्हनून टाकली." मग म्हणाले, "बाकीच्यांनी बी अशीच टाकली आसंल का?"



पुढच्या वर्षी फौजेकडून तार आली. इंग्रजीत होती, म्हणून ती घेऊन ते माझ्याकडेच आले. मी एकही शब्द गाळला नाही. ते म्हणाले, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचली.

त्यानंतर टपरीवर डबे दिसले नाहीत. गावाचं बोलणं मात्र हळूहळू पालटलं. "परक्याच्या भांडनात आपली पोरं कशाला?" तोच आडत्या आता म्हणू लागला. काका ऐकून घेत. मला एकदाच म्हणाले, "आता समदे खरं बोलायलेत."

नव्वदच्या उन्हाळ्याच्या तोंडी फौज परत आली. जिंकून आली म्हणावी, तर तसं नव्हतं. हरून आली म्हणावी, तर तसंही नव्हतं. स्वागत कशाचं करायचं, हेच लोकांना कळेना. शेजारच्या खेड्यातला एक जवान दुपारच्या गाडीने मानवत रोड स्टेशनवर उतरणार होता. घरी त्याची म्हातारी आई तेवढी. काका मला म्हणाले, "चलता का, बाई? एकट्यानं जायचा धीर होईना."

फलाटावर आम्ही दोघंच होतो. काकांच्या हातात फुलांचा हार होता. ट्रंक घेऊन जवान उतरला. वयाने दिगंबरएवढाच, उन्हाने रापलेला. काकांनी पुढे होऊन हार घातला, तसा तो गोंधळला. "काका, मी वळखलं न्हाई तुमाला."

काकांनी दिगंबरचं नाव काढलं नाही. "गावानं पाठवलंय, बाळा," ते म्हणाले. "समदेच येनार व्हते. पर आज बाजार हाय ना, कोनाला सवड न्हाई."

त्या दिवशी बाजाराला सुट्टी होती. जवानाने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले, "सगळेच येणार होते."