चहाबरोबरची गोळी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीतल्या आमच्या दवाखान्यात भर दुपारी कंपनीच्या गाडीतून कांबळे नावाचे कामगार आले... ओठ निळे, नखं निळी, दम लागलेला.

मी नवीकोरी डॉक्टर. सगळे म्हणाले, हार्टच. तसा शिक्का बसला असता तर कांबळेंची नोकरी गेली असती आणि खरा आजार तसाच राहिला असता. त्यांची बायको सुमनबाई दाराशी रडत उभी.

कांबळे मात्र धापा टाकत म्हणाले, "निळा आपलाच रंग हाय बाई. पर तोंडावर कशापायी आला?" बौद्ध माणूस, त्याही अवस्थेत चेष्टा सुचत होती!

ऑक्सिजन लावला, रंग तसाच. ठोके जलद, पण स्वच्छ. रक्त काढलं तर काकवीसारखं तपकिरी... टिपकागदावर थेंब टाकून हवेत धरला, तरी लाल होईना. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिनच बिघडलं होतं. काही औषधांनी असं होतं, हे मी फक्त वाचलं होतं.

"कुठलं औषध घेता?" "न्हाई." पुन्हा पुन्हा विचारलं, तेच उत्तर. मोठे डॉक्टर म्हणाले, औषधच नाही तर हा आजार येईल कुठून? माझा धीर सुटत चालला.

तेवढ्यात सुमनबाईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि पदराची गाठ सोडून दोन पांढऱ्या गोळ्या काढल्या. "चहासंगट लागत्यात त्यास्नी. न्हाईतर डोकं लई ठणकतं." ओव्हरटाइम सुरू झाल्यापासून प्रत्येक चहाला डोकेदुखीच्या गोळ्या! त्या काळी त्यांत फेनासिटिन असायचं, आणि ते फार झालं की रक्त असंच बिघडतं.

मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, हे औषधच की!"

"औषध कुठलं बाई, गोळी हाय ती," कांबळे म्हणाले. त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने बाटलीत भरून दिलेलं.

गोळ्या बंद केल्या. उतारा म्हणून मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं... तेही गर्द निळं! तासाभरात ओठ गुलाबी झाले. सुमनबाईंनी माझे हात घट्ट धरले, आणि मलाही रडू आवरेना.

त्या औषधाने लघवीला रंग येतो, हे सांगायचं मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कांबळे हसतच आले, "बाई, आता तर आतूनबी निळा झालो!"

तेव्हापासून मी पेशंटला 'औषध काय घेता' असं विचारतच नाही. 'चहाबरोबर काय घेता' असं विचारते. बहुतेक जण 'खारी' म्हणतात... आणि मला दरवेळी कांबळे आठवतात.